डाग काढून मिळतील

मुजावरकाकांच्या स्टुडिओत, शंभर फुटी रस्त्याला,
मी दिवसाला तीस-चाळीस चेहरे धुते.
पासपोर्ट साइज, आठ प्रती, साठ रुपये.
स्थळांसाठी उभा फोटो, त्याचे वेगळे.
चारशे टक्के मोठं केलं की
गाल गाल राहत नाही, माळ होतो,
आणि मी माउसनं एकेक खडा वेचत जाते.

काका म्हणतात, हिचा हात मुळातच हलका.
हलका कसला.
सात वर्षं सराव केलाय,
स्वतःच्या तोंडावर, नखांनी.

तेव्हा सकाळी डोळे उघडायच्या आधीच
बोटं मोजून यायची.
हनुवटीवर दोन जुनी, एक नवी, ठणकणारी.
त्यावरून ठरायचं,
केस सोडायचे की बांधायचे,
बाकावर भिंतीकडे कुठला गाल,
भूगोलाच्या तासाला हात वर करायचा की नाही.
उत्तर यायचं मला.
पण हात वर केला की सगळे बघतात.

कवठ्याची आत्या उंबऱ्यातूनच ओरडायची,
‘अगं बया, काय झालं हे तोंडाला?’
जसं मला कुणी कळवलंच नव्हतं.
जायफळ उगाळ. शेंगदाणे सोड. पोट साफ होतं का?
लग्न झालं की जातात आपोआप.

बाबा मार्केट यार्डातून यायचे, नखांत हळद.
एकदा काही न बोलता
कागदाची पिवळी पुडी आरशाखाली ठेवून गेले.
आत्याचं मी कधी मनावर घेतलं नाही.
पण बाबांनाही दिसतं,
हे मला त्या पुडीनं कळलं.

मिरजेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात लावायचा नाही.
हो म्हटलं.
हात रात्री माझं ऐकत नव्हते.
अभ्र्यावर मसुराएवढे डाग पडायचे.
आईनं कधी विचारलं नाही,
पुढच्या बाजारी गडद रंगाचे अभ्रे आणले.

चौदा ते एकवीस माझा एकही फोटो नाही.
दहावीच्या ग्रुप फोटोत मी आहे म्हणतात,
तिसऱ्या रांगेत, शर्वरीच्या वेणीमागे.

मागल्या मंगळवारी एक पोरगा आला.
सुयोग हरुगडे. बारावी. फॉर्मला फोटो.
स्टुलावर बसला तो जरासा तिरका,
उजवा गाल पडद्याकडे.
‘सरळ बस,’ मी म्हटलं,
आणि माझं मलाच कसंतरी झालं.
‘ताई, जरा क्लीन करा.’
आवाज त्याच्या चपलांना ऐकू जाईल एवढाच.

केलं. कपाळ, गाल,
मिशीच्या कोवळ्या रेघेखाली ब्लेडनं कापलेलं एक.
वीस मिनिटं लागली. इतरांना मी पाच देते.
स्क्रीन त्याच्याकडे वळवला.
बघत राहिला. हसला नाही.
‘भारी आहे हा,’ म्हणाला,
शेजारच्या वर्गातल्या कुणाबद्दल बोलावं तसं.
मग म्हणाला, ‘पण सुपरवायझर म्हणतील, हा तू नाहीस.
थोडे परत टाका ना.’
किती?
त्यानं विचार केला. खरंच केला.
‘ओळखू येईन एवढे.’

मी एकेक कळ दाबत मागे गेले.
एक आला. मग दोन. मग गालावरचा तो घोळका.
तो माझ्या खुर्चीमागे उभा,
श्वास धरलेला कळत होता.
‘बास’ कधी म्हणतो याची मी वाट बघत होते.
बराच वेळ म्हणाला नाही.

रात्री शटर ओढलं, हेल्मेट उचललं,
तर हात डाव्या जबड्याशी गेलाच.
तिथं काही नाही. बरीच वर्षं नाही.
बोटाला कोण सांगणार.
ते जातं, चाचपतं,
अजून कुणी राहत असल्यासारखं
दार वाजवून परत येतं.